जुना माल बंद करायचाय? युनिक्सच्या ‘ग्राफ’ आणि ‘प्लॉट’ची गोष्ट आधी ऐका

‘प्रॉडक्ट लिस्ट किती मोठी असावी’ या मागच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. “मॅडम, नवीन काय सुरू करायचं ते सगळे सांगतात. जुनं बंद कसं करायचं ते कुणीच सांगत नाही.”

अगदी खरं आहे. दुकानाच्या उद्घाटनाला आपण नारळ फोडतो, पेढे वाटतो. एखादी वस्तू बंद करताना मात्र गुपचूप बोर्डावरचं नाव पुसतो. मीही एकदा तसंच केलं होतं आणि त्याची किंमत मोजली. ती गोष्ट पुढे सांगतेच.

त्याआधी थोडं वेगळं उदाहरण. माझा भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे. हा विषय त्याच्याकडे काढला तेव्हा तो म्हणाला, “मावशी, आमच्याकडे हेच सगळ्यात अवघड काम असतं. कोड लिहिणं सोपं, काढणं कठीण.” आणि त्याने मला युनिक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीममधल्या तीन जुन्या प्रोग्रॅमची गोष्ट सांगितली. कॉम्प्युटरची भीती वाटत असली तरी वाचा. शेवटी हा दुकानाचाच विषय आहे.

ही साधनं होती तरी काय?

युनिक्सची सुरुवात १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत झाली. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही त्यातली दोन मोठी नावं. तेव्हा माउस नाही, आयकॉन नाही. कीबोर्डवर आज्ञा टाइप करायची आणि मशिनने ती पाळायची. यालाच कमांड लाइन म्हणतात.

१९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती आली. तिच्यात आलेख काढायची तीन छोटी साधनं होती: ग्राफ, स्प्लाइन आणि प्लॉट.

समजा, तुमच्याकडे बारा महिन्यांच्या विक्रीचे आकडे आहेत. ते एका फाइलमध्ये लिहून ‘ग्राफ’ला दिले की तो अक्ष आखायचा आणि बिंदू जोडायचा. आडव्या अक्षावरचे क्रमांक दिले नसले तर ते स्वतः घालायची सोयही त्यात होती. ‘स्प्लाइन’चं काम मोजक्या बिंदूंमधून गुळगुळीत वळणाची रेघ काढणं. आणि ‘प्लॉट’चं काम ते चित्र समोरच्या यंत्राला समजेल अशा भाषेत सांगणं.

यातली गंमत अशी की ‘ग्राफ’ स्वतः चित्र काढतच नव्हता. तो फक्त सूचना लिहायचा: इथे जा, इथून तिथे रेघ मार, इथे अक्षरं लिही, वर्तुळ काढ, पान पूस. प्रत्येक सूचनेला एकेक अक्षर ठरलेलं. या सूचना ‘पाइप’मधून, म्हणजे एका प्रोग्रॅमचा माल थेट दुसऱ्याच्या हातात देणाऱ्या नळीतून, ‘प्लॉट’कडे जायच्या. मग कोणत्या यंत्रावर काढायचं ते ‘प्लॉट’ बघायचा.

आपल्या भाषेत सांगायचं तर एकाने मसाला कांडायचा आणि दुसऱ्याने पॅकिंग करायचं. पॅकिंग बदललं तरी कांडणाऱ्याचं काही अडत नाही. इतकी सुटसुटीत रचना होती ती.

मग अडचण कुठे आली?

अडचण त्या यंत्रांची होती. ‘प्लॉट’ला ठाऊक असलेली यंत्रं कोणती? टेक्ट्रॉनिक्स ४०१४ नावाचं १९ इंची टर्मिनल, कागदावर टाइप करणारी डासी कंपनीची ३०० आणि ४५० क्रमांकाची टर्मिनल्स, आणि व्हर्साटेक कंपनीचा प्रिंटर-प्लॉटर.

टेक्ट्रॉनिक्सच्या त्या पडद्यावर एकदा काढलेली रेघ तशीच टिकून राहायची. एकच रेघ पुसायची सोय नव्हती, पुसायचा तर अख्खा पडदा पुसायचा. त्या काळात हे भारी तंत्रज्ञान होतं. पुढे साधे, स्वस्त, रंगीत पडदे आले आणि ही यंत्रं कार्यालयांतून गेली. प्रोग्रॅम मात्र राहिले. युनिक्सच्या वेगवेगळ्या घराण्यांत ते वारशासारखे उतरत गेले. सन कंपनीच्या सोलारिसमध्येसुद्धा ग्राफ आणि स्प्लाइन होते, आणि ३००, ४५०, ४०१४ असे त्या जुन्या यंत्रांचे आकडे नावात घेतलेल्या प्लॉटिंगच्या लायब्रऱ्याही होत्या.

म्हणजे गिऱ्हाईक गेलं, ज्या भांड्यात माल द्यायचो ते भांडंही गेलं, आणि माल मात्र फळीवर तसाच. ओळखीचं वाटतंय ना?

दरम्यान याच कामासाठी नवी साधनं आली. १९८६ मध्ये थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी ग्नूप्लॉट सुरू केलं. ते आजही वापरात आहे. २००३ मध्ये जॉन हंटर यांचं पायथॉन भाषेसाठीचं मॅटप्लॉटलिब आलं. आज डेटावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, त्याला हे नाव माहीत असतं.

“पडून आहे तर राहू दे, खातंय काय?”

हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं. भाच्याला मीही तेच विचारलं. छोटासाच तर प्रोग्रॅम, डिस्कवर कितीशी जागा घेणार?

तो म्हणाला, “जागेचा प्रश्नच नाही. हाताचा आहे.”

ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने बांधली जाते तेव्हा हे जुने प्रोग्रॅमही पुन्हा बांधावे लागतात. कोडचं मशिनच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर बदलला की जुन्या कोडवर तक्रारी सुरू होतात, त्या कुणीतरी निस्तरायच्या. सिस्टीम ३२ बिटवरून ६४ बिटवर न्यायची तर हाही कोड तपासायचा. त्याचं माहितीपत्रक सांभाळायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एवढं करून चाचणी कशावर घेणार? ४०१४ टर्मिनल आणायचं कुठून? ज्याची चाचणी घेता येत नाही, ते चालतंय असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. तरीही यादीत त्याचं नाव असतं, म्हणजे आपण ग्राहकाला शब्द दिलेला असतो.

इल्युमॉस नावाची एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. ओपनसोलारिसच्या कोडमधून ती २०१० साली वेगळी झाली. तिच्या मंडळींनी स्पार्क या प्रोसेसरचा आधार बंद करायचं ठरवलं. स्पार्क म्हणजे सनचा स्वतःचा प्रोसेसर, एका अर्थाने घरचाच माणूस. तरी तो निर्णय झाला, आणि बांधणी-चाचणीसाठी स्पार्क मशिनच सहज हाताशी नसणं हे त्याचं एक मोठं कारण होतं.

आता तुमच्या यादीकडे या. महिन्यातून दोनदा विकली जाणारी वस्तू काय काय खाते? तिचा कच्चा माल वेगळा आणावा लागतो. तिची लेबलं वेगळी छापावी लागतात. नव्या मुलीला ती शिकवावी लागते. फोनवर कुणी विचारलं की “आहे का बघून सांगते” म्हणत पाच मिनिटं जातात. हे सगळं वहीत कुठेच दिसत नाही, कारण आपण स्वतःच्या वेळेचं बिल कधी फाडत नाही.

मग काढून टाकायचं? थांबा!

इथे माझी गोष्ट.

प्रशिक्षणाच्या कामात यायच्या आधी मी सांगलीला मसाल्यांचा घरगुती व्यवसाय करत होते. यादीत बावीस वस्तू. त्यात एक मेतकूट. डाळी वेगवेगळ्या भाजायच्या, गार करायच्या, दळून चाळायचं, यात अर्धा दिवस जायचा. विक्री महिन्याला जेमतेम तीन किलो, म्हणजे नऊशे रुपये. एका रविवारी हिशोब मांडला आणि मेतकूट बंद केलं. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे काय त्यात, असं वाटलं.

दोन महिन्यांनी वही चाळताना लक्षात आलं की महिन्याला साधारण साडेसहा हजारांचा माल नेणाऱ्या एक काकू दिसेनाशा झाल्यात. त्या आजारी आणि वयस्कर लोकांना डबे द्यायच्या. मऊभात, मेतकूट, तूप हा त्यांचा रोजचा डबा. ते तीन किलो मेतकूट जवळजवळ एकट्या त्याच न्यायच्या. आणि मेतकुटासाठी आल्या की गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, हळद, सगळं माझ्याकडूनच.

मी त्यांच्या घरी गेले. त्या रागावल्या नाहीत. पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, “बंद करायचं तर कर गं. तुझा धंदा आहे. पण आधी सांगायचंस ना. सकाळी सातला माझे डबे निघतात. त्या दिवशी मी काय देणार होते?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी दुसरीकडून माल सुरू केला होता आणि त्या परत आल्या नाहीत. नऊशे रुपयांची वस्तू बंद केली आणि साडेसहा हजारांचं गिऱ्हाईक गेलं. पण पैशापेक्षा ते सकाळी सातचं वाक्य मला जास्त लागलं. माझ्या यादीतली सगळ्यात बारकी ओळ त्यांच्या दिवसाचा पाया होती, आणि ते मला ठाऊकच नव्हतं.

कमांड लाइनच्या जगात नेमकं हेच होतं. ‘ग्राफ’ आज कुणी हाताने टाइप करत नसेल. पण कुठल्यातरी प्रयोगशाळेत वर्षांपूर्वी कुणीतरी एक स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची चिठ्ठी, लिहून ठेवलेली असू शकते. ती रात्री आपोआप चालते, आकडे ‘ग्राफ’ला देते आणि सकाळी आलेख तयार. लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला. वापरणाऱ्याला आतमध्ये ‘ग्राफ’ आहे हे माहीतसुद्धा नाही. ज्या दिवशी तो काढला जाईल त्याच दिवशी कळणार! म्हणून “कुणी मागत नाही” म्हणजे “कुणी वापरत नाही” असं धरून चालायचं नाही.

नीट बंद करायची पाच पावलं

ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांनी हे ठेचा खात शिकलंय. त्यांची पद्धत आपल्याला जशीच्या तशी लागू पडते.

१. कोण वापरतंय ते शोधा. सॉफ्टवेअरवाले आधी बाकीच्या कोडमध्ये शोधतात की हा प्रोग्रॅम आणखी कोण हाक मारून वापरतोय. तुम्ही बिलांमध्ये शोधा. वस्तू किती विकली एवढंच बघू नका. *कुणी* घेतली आणि *तिच्याबरोबर आणखी काय* घेतलं ते बघा. मी हे दहा मिनिटांचं काम केलं असतं तर काकूंचं नाव तिथेच दिसलं असतं.

२. निर्णय लिहून काढा आणि चारचौघांत मांडा. इल्युमॉसमध्ये मोठा बदल करायचा तर लेखी प्रस्ताव मांडायची पद्धत आहे. काय काढायचं, का काढायचं, कुणाला त्रास होईल, पर्याय काय. त्यावर चर्चा होते, मग काम. तुमच्या व्यवसायात चारचौघं म्हणजे नवरा किंवा बायको, कामाला येणाऱ्या मावशी, माल पोचवणारा मुलगा. त्या मुलाला विचारा. कोण कशासाठी येतं हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

३. आधी खूण करा, मग काढा. सोलारिसच्या माहितीपत्रकांत सोयी किती भरवशाच्या आहेत याची नोंद असायची. जी पुढे जाऊ शकते तिच्यावर ‘ऑब्सोलीट’ असा शिक्का. अर्थ एवढाच की आज चालेल, पण यावर नवीन काही उभं करू नका. आपल्याकडे पाकिटावर एक चिठ्ठी पुरते: “हे उत्पादन दिवाळीनंतर बंद होत आहे.”

४. पुरेशी मुदत द्या. पायथॉन भाषेचं उदाहरण घ्या. तिच्या मूळ संचातले १९ जुने भाग काढायचे होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ३.११ आवृत्तीत ते वापरले की इशारा मिळायची व्यवस्था झाली. प्रत्यक्षात ते निघाले ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत. पूर्ण दोन वर्षं! तुम्हाला दोन वर्षांची गरज नाही. दोन महिने द्या. पण ग्राहकाचं चक्र ओळखून द्या. लोणच्याचं गिऱ्हाईक वर्षातून एकदाच येतं. त्याला जानेवारीत सांगून मार्चमध्ये बंद केलंत तर त्याला कळणारच नाही.

५. दुसरं दार दाखवा. सगळ्यात जास्त विसरलं जातं ते हेच. आज बहुतेक लिनक्स सिस्टीममध्ये ‘ग्राफ’ आणि ‘प्लॉट’ मूळ संचात येत नाहीत. पण ज्याला हवेत त्याच्यासाठी ग्नू प्रकल्पाचं ‘प्लॉटयुटिल्स’ नावाचं पॅकेज आहे. त्यात ग्राफ, प्लॉट, स्प्लाइन तिन्ही नव्याने लिहिलेले मिळतात. फळीवर नाही, पण मागितलं तर मिळतं. तुम्हीही तीन प्रकारे दार उघडं ठेवू शकता. एक, आगाऊ ऑर्डरवर आणि किमान इतके किलो असेल तरच बनवून देणं. दोन, ती वस्तू चांगली करणाऱ्या दुसऱ्या ताईंचा नंबर देणं. तीन, कृतीच लिहून देणं. “गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवू?” असं वाटेल. पाठवा. मी काकूंना मेतकुटासाठी दुसरी बाई आधीच गाठून दिली असती तर गोड्या मसाल्यासाठी त्या माझ्याकडे येत राहिल्या असत्या.

वस्तू जाते, गुण ठेवायचा

एक शेवटची गोष्ट. जुनं बंद करताना पोटात तुटतं. विशेषतः व्यवसाय ज्या वस्तूवर उभा राहिला, ती असेल तर. तेव्हा हे लक्षात ठेवा.

युनिक्सचा ‘प्लॉट’ फारसा कुणी चालवत नाही. पण आकडे एकाने वाचायचे आणि चित्र यंत्राप्रमाणे दुसऱ्याने काढायचं, ही विभागणी टिकली. ग्नूप्लॉटमध्ये आजही आधी सांगावं लागतं की चित्र कशावर हवंय: पडद्यावर, फाइलमध्ये, की साध्या अक्षरांच्या खुणांनी. ‘एक्सटर्म’ नावाचा टर्मिनल प्रोग्रॅम तर टेक्ट्रॉनिक्स ४०१४ ची नक्कल करण्याची सोय अजूनही बाळगून आहे. यंत्र गेलं, त्याची बोली राहिली.

तुमचंही तसंच. मेतकूट बंद झालं तरी डाळ मंद आचेवर भाजायचा तुमचा हात बंद होत नाही. तो पुढच्या वस्तूत उतरवा. वस्तू निवृत्त करायची, त्यामागचं कौशल्य नाही.

आज रात्रीचं काम

दुकान बंद केल्यावर एक कागद घ्या आणि चार रकाने आखा. पहिल्यात सगळ्यात कमी विकल्या जाणाऱ्या तीन वस्तू. दुसऱ्यात त्या घेणाऱ्या माणसांची *नावं*, नुसते आकडे नकोत. तिसऱ्यात ती माणसं वर्षभरात तुमच्याकडून एकूण किती रुपयांचा माल घेतात. चौथ्यात, वस्तू बंद केली तर त्यांना कुठे पाठवाल.

चौथा रकाना रिकामा असेल तर वस्तू अजून बंद करू नका. आधी तो भरा. आणि दुसऱ्या रकान्यात एकच नाव असेल तर उद्या सकाळी त्या माणसाला फोन करा. फक्त एवढंच विचारा: “काकू, हे बंद करायचा विचार आहे. तुमचं काही अडेल का?”

मी तो फोन केला नव्हता. तुम्ही करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!